मारुत विमानाला गुण किती?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या अर्नाळ्यात अंगणाअंगणातून माती कालवली जाऊ लागते. मुले किल्ला करतात. आता दिवाळीतला किल्ला उभ्या महाराष्ट्रात होतो, त्यात अर्नाळ्याचे ते काय विशेष, असे तुम्ही म्हणाल. विशेष इतकेच की आमच्या मुलांना त्यात फार लबाडी करता येत नाही. खरा किल्ला समोरच आहे. किनाऱ्यावर उभे राहिले की पाण्यापलीकडे बेटावर त्याचे बुरूज दिसतात. १७३७ साली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि दोनच वर्षांनी, १७३९ मध्ये, वसईही पडली. त्यामुळे एखाद्या पोराने बुरूज एक कमी केला किंवा दरवाजा भलत्या अंगाला काढला, तर येणारी-जाणारी म्हातारी मंडळी काठीने दाखवून सांगतात, "अरे, हा इथे नाही, तिकडे."

या किल्ल्यावर महाराज असतात, मातीचे मावळे असतात, वाघ असतो, हळीव पेरलेले शेत असते, आणि दरवर्षी कोणी तरी हटकून एक विमान आणून ठेवतो. पूर्वी मला त्याचा राग येई. इतिहासाचा मास्तर पडलो! सतराव्या शतकातल्या गडावर विमान कसे उतरेल? पण आज मी तुम्हाला सांगणार आहे ती गोष्ट विमानाचीच आहे. आणि ती सांगण्यापूर्वी माझ्या एका छंदाची कबुली द्यायला हवी.

मी चाळिशी ओलांडलेला माणूस, महाविद्यालयात शिकवतो, आणि शनिवारी दुपारी ओटीवर बसून मुलांबरोबर लढाई खेळतो. घरातल्या मंडळींचे यावर काय मत आहे ते या भाषणात सांगण्याचे कारण नाही.

या खेळाला मी पटावरची लढाई म्हणतो. मोठ्या पाटावर किंवा चादरीवर नकाशा काढायचा, त्यावर लहान लहान सैनिक, रणगाडे, विमाने मांडायची, कोणी किती सरकावे, कोणाचा मारा कुठवर पोचावा हे आधी ठरवून कागदावर लिहायचे, आणि जिथे दैवाचा भाग येतो तिथे फासा टाकायचा. कल्पना आपल्याला परकी नाही. चतुरंग या नावातच सैन्याची चार अंगे आहेत. प्रशियात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा आणि फासे घेऊन असाच खेळ लष्करासाठी सिद्ध केला, आणि तेथील सेनाधिकारी तो अभ्यास म्हणून खेळू लागले. पुढे एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईवर एक पुस्तकच लिहिले. गंमत म्हणजे वेल्सला युद्धाचे प्रेम नव्हते. पटावर लढून पाहिलेल्या माणसाला खऱ्या युद्धातला गोंधळ अधिक कळेल, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. पुस्तके वाचून युद्धे थांबत नाहीत, हे खरेच. पण मुलांच्या हाती लढाई देऊ नये असे ज्या शिक्षकबंधूंना वाटत असेल, त्यांना मी एवढेच सांगेन की आमच्या ओटीवर सर्वांत जास्त वेळ लढण्यात जात नाही, हिशोबात जातो.

आमचा मुख्य पट १९७१ च्या डिसेंबरातला, राजस्थान-सिंध सरहद्दीचा. विमाने १४४ पट लहान केलेली. डब्यात नॅट होते, हंटर होते, मिग-२१ होते. समोरच्या बाजूची सेबर आणि स्टारफायटर होती. नॅट सर्वांचे लाडके. १९६५ च्या युद्धात त्याने सेबरांना पाणी पाजले, आणि १९७१ मध्ये श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों ज्या विमानात लढत धारातीर्थी पडले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले, तेही नॅटच. हंटर म्हटले की लोंगेवाला. मिग म्हटले की वेग. असा माझा डबा भरलेला होता आणि त्यात काही कमी आहे असे मला कधी वाटले नव्हते.

एकदा मी आमच्या शनिवारच्या मुलांना घेऊन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो. विरारहून लोकल, दादरला गाडी बदलून महालक्ष्मी, आणि पुढे पायी. तिथे बाहेरच्या बागेत एक जुने लढाऊ विमान ठेवलेले आहे. लांबट, सडपातळ, पंख मागे झुकलेले. एका मुलाने विचारले, "सर, हे कुणाचं?"

मी म्हटले, "आपलं. मारुत. बंगळूरला बनलेलं."

"लढाईत होतं?"

"होतं. एकाहत्तरच्या."

"कुठे?"

"राजस्थानातच."

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग आपल्या डब्यात का नाही?"

श्रोतेहो, वर्गात विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, तर आम्हा शिक्षकांना वेळ मारून नेण्याच्या पुष्कळ युक्त्या ठाऊक असतात. त्या दिवशी एकही सुचली नाही. खरे उत्तर लाजिरवाणे होते. मारुत म्हणजे फसलेले विमान, असे कुठे तरी वाचलेले माझ्या मनात बसले होते, आणि फसलेले विमान पटावर कशाला, म्हणून मी त्याच्याकडे वळून पाहिले नव्हते.

आता या विमानाची हकीकत सांगतो.

भारताला स्वतःचे लढाऊ जेट विमान हवे होते, तेही ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे. त्या वेळी आपल्या पदरी अनुभव किती? बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णु माधव घाटगे होते. जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेला हा मराठी माणूस. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ मध्ये उडाले होते. पण ते पंख्याचे, साधे विमान. तिथून ध्वनीच्या दुप्पट वेगाचे जेट म्हणजे होडीवरून एकदम आगबोटीवर उडी. म्हणून १९५६ साली जर्मन अभियंता कुर्ट टांक यांना बोलावण्यात आले. दुसऱ्या महायुद्धातले नावाजलेले फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान त्यांचेच. युद्धानंतर ते अर्जेंटिनाला गेले होते. तिथून ते आपल्या काही सहकाऱ्यांसह बंगळूरला आले आणि भारतीय अभियंत्यांना बरोबर घेऊन कामाला लागले.

त्यांनी प्रथम काय केले असेल? खऱ्या मापाचे लाकडी विमान केले! इंजिन नाही, काही नाही. डकोटा विमानाच्या मागे दोरीने ओढत ते वर न्यायचे आणि सोडून द्यायचे, मग ते तरंगत खाली यायचे. १९५९ मध्ये हे सुरू झाले. आकार हवेत कसा वागतो ते अशा रीतीने पारखून घेतल्यावर १७ जून १९६१ रोजी खऱ्या मारुतने पहिले उड्डाण केले. वैमानिक होते सुरंजन दास.

विमान उत्तम उडे. वैमानिकांना ते हाताशी बसे. उणे होते ते एकच, आणि ते फार मोठे होते: जोर. टांक यांनी ज्या अधिक ताकदीच्या ऑर्फियस इंजिनाचा हिशोब धरून हे अंग घडवले होते, ते इंजिन ब्रिटनमध्ये तयार व्हावयाचे होते. त्याचा खर्च कोणी सोसावा या प्रश्नावर गाडे अडले आणि ते इंजिन कधी आलेच नाही. मग धाकट्या ऑर्फियसवर भागवावे लागले. इथे एक गोष्ट ऐका. नॅटमध्ये असलेले इंजिन आणि मारुतमधले इंजिन एकाच घराण्याचे. नॅटला एक, मारुतला दोन. पण नॅट पावणेनऊ मीटर लांब आणि मारुत जवळजवळ सोळा मीटर! हलक्या पोराला पुरणारी भाकरी थोराड गड्याला दुप्पट दिली तरी पोट भरेना, तशातली गत. ध्वनीच्या दुप्पट वेग राहिला दूर; सरळ उड्डाणात मारुत ध्वनीच्या वेगापाशीच अडे. दुसरे इंजिन मिळवण्याची खटपट पुष्कळ झाली. एक मारुत थेट इजिप्तला नेऊन १९६७ साली तिथल्या नव्या इंजिनावर उडवून पाहिले. तेही पुढे सरकले नाही. इथल्या इथे आहे त्या इंजिनाचा जोर वाढवण्याच्या प्रयोगात १० जानेवारी १९७० रोजी विमान कोसळले आणि त्यात ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले. ज्यांनी ते प्रथम उडवले तेच.

असे १४७ मारुत बनले. ते कधी पाहिजे तेवढे वेगवान झाले नाहीत, आणि १९९० पर्यंत सगळे सेवेतून गेले. फसलेले विमान म्हणतात ते एवढ्यावरून.

डब्यातली उणीव तर भरून काढायची होती. बाजारात सेबरचे जोडणीचे संच मला सहज मिळाले होते. मारुत काही मिळेना. तेव्हा आमच्यातला एक मुलगा म्हणाला, मी कोरतो. हा मुलगा दहावीला गणितात एकदा राहिलेला, आणि बापाबरोबर बोटीवर जाणारा. त्याने वाडीच्या कुंपणातला पांगारा आणला. सावंतवाडीची खेळणी ज्या लाकडांची होतात त्यांतलेच हे एक. मऊ, हलके, सुरीला सोसणारे. मारुतचे अंग मध्ये कमरेत किंचित आवळलेले आहे, म्हणजे वेगात हवेचा अडथळा कमी होतो. ती कमर साधायला त्याला तीन तुकडे वाया घालवावे लागले. विमानाच्या नावावरूनही घरात घोळ झाला. आमच्या आईला ते मारुती वाटले आणि तिने कोरलेल्या विमानाला हळदकुंकू लावले. मारुत म्हणजे वारा आणि त्याचा पुत्र मारुती, हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग बापाला लावलं, काय बिघडलं?"

पण लाकूड कोरणे सोपे. खरी अडचण पुढे आली. पटावर विमान ठेवायचे तर त्याला गुण द्यावे लागतात. आमच्या नियमांच्या कागदावर प्रत्येक विमानाला वेग, वळण, चढण आणि मारा यांचे दहापैकी गुण होते. स्टारफायटर आणि मिग वेगात दहा. मारुतला वेगात सहा दिले, चढणीत चार. मारा? त्याच्या नाकात तीस मिलिमीटरच्या चार तोफा होत्या, म्हणून नऊ देण्याचा माझा विचार होता. मग वाचताना कळले की चारही एकदम झाडण्यात अडचणी आल्या होत्या. सहा केले. अशा गुणांनी आम्ही तीन शनिवार खेळलो आणि तिन्ही वेळा मारुत पहिल्या अर्ध्या तासात पडले. मुले कंटाळली. "सर, हे नापासच आहे," असा निकाल लागला.

आता माझ्या मनात काय आले ते प्रामाणिकपणे सांगतो. मी वेगाचे गुण गुपचूप वाढवायला निघालो होतो. आपले विमान, इतक्या खटपटीने झालेले, एक माणूस त्यापायी गेलेला. दोन गुण वाढवले तर कोणाचे काय जाते? परीक्षकाच्या हातून कृपागुण जातात, तसे. रबर हातात घेतले होते. पण समोर किल्ला दिसत होता आणि काठी घेऊन उभी राहणारी म्हातारी माणसेही आठवत होती. रबर ठेवले आणि १९७१ मध्ये या विमानाचे प्रत्यक्षात काय झाले ते पुन्हा नीट वाचायला घेतले.

मारुतच्या दोन तुकड्या त्या युद्धात राजस्थानात होत्या, उत्तरलाई आणि जोधपूर इथे. त्यांचे काम आकाशातली झुंज नव्हते. जमिनीलगत सिंधच्या वाळवंटात शिरायचे आणि रणगाडे, आगगाड्या, दारूगोळ्याचे साठे यांवर मारा करून परत यायचे. अशा कामात विमानाला वरच्या शत्रूपेक्षा खालच्या तोफांचे भय जास्त. तीनदा असे झाले की जमिनीवरच्या माऱ्याने एक इंजिन निकामी झाले आणि उरलेल्या एकावर मारुत घरी आले. त्यांतल्या एकाने शत्रूच्या मुलखातून सुमारे दीडशे मैल असे कापले, सोबतीला दुसरे विमान नसताना. सुकाणूचे यंत्र बंद पडले तर वैमानिकाला हाताच्या बळावर विमान चालवता येईल अशी सोय टांक आणि मंडळींनी ठेवली होती. तीही उपयोगी पडली. चार मारुत जमिनीवरच्या माऱ्याने पडले, दोन जमिनीवर उभे असताना गेले. पण हवेतल्या झुंजीत एकही पडले नाही. उलट, भारतीय नोंदीप्रमाणे ७ डिसेंबरला स्क्वॉड्रन लीडर बक्षी यांनी मारुतमधून एक सेबर पाडले.

हे मी पुढच्या शनिवारी मुलांना वाचून दाखवले. वाटले, आता वाद रंगेल. पांगारा कोरणारा तो मुलगा पायरीवर बसून जाळ्याचा तुटका धागा गाठीत होता. मान वर न करता म्हणाला, "सर, आपण त्याला भलतंच विचारतो. बोट किती पळते ते बंदरात कोण विचारत नाय. आली का, ते विचारतात."

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. आमच्या कागदावर 'परत येणे' हा रकानाच नव्हता! विमान पटाच्या पलीकडच्या कडेला पोचले, बॉम्ब टाकले, की आम्ही ते उचलून डब्यात ठेवीत होतो. जणू परतीची वाट नव्हतीच. ज्या गावात पावसाळ्यानंतर बोट उशिरा दिसली तर बायका किनाऱ्यावर येऊन उभ्या राहतात, त्या गावात बसून आम्ही असले नियम केले होते.

मग नियम बदलले. मारुतपुरते नव्हे, सगळ्यांचे. इंजिनावर मारा बसला तर एका इंजिनाच्या विमानाने फासा टाकायचा आणि सहा पडले तरच परत. दोन इंजिनांच्याला तीन किंवा त्याहून अधिक पडले की परत, पण निम्म्या वेगाने, आणि वाटेत सेबर गाठू शकतो. परत आलेले विमान दुसऱ्या फेरीला मिळते, न आलेले मिळत नाही. वेगाचे सहा सहाच ठेवले. चढणीचे चार चारच.

त्यानंतर खेळाची तऱ्हाच पालटली. स्टारफायटर मिळावे म्हणून पूर्वी चिठ्ठ्या टाकाव्या लागत. आता जमिनीवरचा मारा आला की मुले मारुत मागू लागली. तरी ते जादूचे विमान झालेले नाही. मागच्या पावसाळ्यात एकाच डावात आमची तीन गेली, फासाच तसा पडत होता, आणि मिगशिवाय त्यांना आकाश मोकळे मिळत नाही. मोठ्या मुलांपैकी एकाचे अजूनही म्हणणे आहे की योग्य इंजिन मिळाले असते तर हे सगळे बोलावेच लागले नसते, आणि पैसा वाचवायला जाऊन देशाने एक चांगले विमान अर्ध्यावर सोडले. त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. त्याने एक कल्पनेतला मारुत, हव्या त्या इंजिनाचा, वेगळ्या कागदावर मांडून ठेवला आहे. तो आम्ही खेळात घेत नाही, पण कागद जपून ठेवलेला आहे.

दिवाळीत मारुत किल्ल्यावर गेले. बांबूच्या काडीला दोरा बांधून मुलांनी ते तटाच्या वर टांगले, महाराजांच्या बरेच वर आणि जरा बाजूला. मी या वेळी काही बोललो नाही. एका आजोबांनी मात्र काठीने दाखवून विचारले, "हे कुठलं?" मुलांनी त्यांना सगळे सांगितले, इंजिनाचे, दीडशे मैलांचे, सगळे. आजोबांनी पुढे विचारले की चालवणारा पोहोचला का नीट, आणि पोहोचला हे ऐकून ते पुढच्या अंगणातला किल्ला तपासायला गेले.

ज्या शाळांतून हे करून पाहावेसे वाटेल त्यांच्यासाठी मापे सांगतो, पेन्सिल घ्या. खऱ्या मारुतची लांबी १५.८७ मीटर, पंखांचा पसारा ९ मीटर, उंची ३.६ मीटर. १४४ ने भागले की लांबी ११ सेंटिमीटर, पसारा सव्वासहा सेंटिमीटर, उंची अडीच सेंटिमीटर. नॅट याच मापाने सहा सेंटिमीटरहून थोडे लांब आणि पावणेपाच सेंटिमीटर रुंद भरेल. दोन्ही शेजारी ठेवा म्हणजे इंजिनाची गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही. पंख सुमारे पंचेचाळीस अंश मागे झुकवा. दोन्ही बाजूंना, वैमानिकाच्या मागे, हवा आत घेणारी तोंडे आहेत. त्यांत अर्धा शंकू बसवा, पिंपळाच्या डहाळीचे टोक तासून घेतले तरी चालते. रंगासाठी मुलांना वरळीला नेऊन खरे विमान दाखवता आले तर उत्तम. पुण्याकडच्यांना एवढे लांब यायला नको. तिथे कमला नेहरू उद्यानात एक मारुत आहे. पांगारा ओला कोरू नका, वाळल्यावर पंखाला चीर पडते. आमची पहिली दोन अशीच गेली.